उरलेल्या गोळ्या

दहाव्याला कळंबच्या किनाऱ्यावर आईच्या पिंडाला कावळा शिवेना. स्वप्नाने बाबांना सांभाळीन म्हटलं, धाकट्या भावाचं लग्न लावून देईन म्हटलं; कावळे सुरूच्या झाडांवरून हलले नाहीत.

“ताईचा जीव त्या गोळ्यांत अडकलाय गं,” धनेशमामा थरथरत्या हातांनी डोळे पुसत म्हणाला. “उरल्यात ना? ठेव पिंडाजवळ.”

स्वप्नाला शिसारी आली. शांत झोप लागावी म्हणून मामानेच आईला ऑनलाइन मागवून दिलेल्या गोळ्या, ज्यांचं नाव डॉक्टरांनीसुद्धा ऐकलं नव्हतं. एकीच्या चार झाल्या, वेळ चुकली की आईचे हात थरथर कापायचे, आणि एका दुपारी झोपेतच तिचा श्वास थांबला. समुद्रात फेकायला म्हणून आणलेलं, दोन गोळ्या उरलेलं पाकीट स्वप्नाने तरीही पिंडाजवळ ठेवलं.

“माणसं बघून कावळा यायचा नाही. तुम्ही सगळे लांब सावलीत बसा, मी बघतो इथं,” मामा म्हणाला.

बऱ्याच वेळाने ती परत आली.

 

पिंड तसाच होता, पाकीट रिकामं होतं, आणि मामाचे हात अगदी स्थिर होते.