बेटाजवळचा नांगर

जयवंतने पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढला, श्वासाची नळी दातांत धरली आणि तो होडीच्या कडेवरून पाण्यात उतरला. होडीवाल्या धोंडूकाकाने शीड उतरवून ठेवलं होतं. मालनवहिनी काठ घट्ट धरून बसली होती. बेटावर माणूस नाही, पक्ष्यांचा ओरडा नाही. पाणी इतकं नितळ की होडीची सावली थेट तळावर पडली होती.

चष्मा आणि नळी जुहूच्या हॉटेलातली. तिथल्या तलावाकाठी बसून कोणी बुडत नाही ना, एवढं बघायची जयवंतची नोकरी. एका गोऱ्या पाहुण्याने जाताना दोन्ही वस्तू त्याला देऊन टाकल्या. दुसरा कोणी असता तर चाळभर मिरवला असता. जयवंतने त्या दोन वर्षं ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवल्या. शेवटी वहिनीच्याच हाती लागल्या आणि त्याची वाट लागली.

बारा वर्षांपूर्वी याच जागी त्याचा मोठा भाऊ सहदेव बुडाला. खडकात अडकलेला नांगर सोडवायला खाली गेला, तो परत आलाच नाही. होडीत तेव्हा फक्त जयवंत होता, वीस वर्षांचा. प्रेत सापडलं नाही. जयवंतने वहिनीला कांदिवलीला आपल्या खोलीवर आणलं, स्वतः गॅलरीत पथारी टाकली, लग्नाचं नाव काढलं नाही. चाळ म्हणायची, दीर असावा तर असा. ते ऐकलं की त्याला घास जात नसे.

बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून जाळतात. सोमवारी गावी तो विधी होता. अग्नी धाकट्या भावाने द्यायचा, मग वहिनीने कुंकू पुसायचं. भटजी ठरले, भाऊबंद जमले. वहिनी मात्र अडून बसली. "तुझ्याकडे ती काच आसा मा? आधी थंय जावन बघ. मगे काय ता करा."

जयवंत तोंड पाण्यात घालून तरंगत राहिला. नळीतून त्याचाच श्वास घरघरत होता. तरी शेजारी आणखी कोणी श्वास घेतंय असं वाटून त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. खडकाला तोंड लावून पट्ट्यापट्ट्यांचे मासे चरत होते, बाकी कोणी नव्हतं. त्याच्या स्वप्नात हे पाणी नेहमी काळं आणि अथांग असे. इथे तर तळ जेमतेम तीन पुरुष खोल. हाडं नव्हती, कापडाची चिंधी नव्हती. त्याला हायसं वाटलं.

मग त्याला नांगर दिसला.

खडकातली फट रिकामी होती. नांगर तिच्यापासून चार हात दूर, मोकळ्या वाळूवर पडला होता, शिंपल्यांनी पुरता मढलेला. म्हणजे दादाने तो सोडवला होता. सोडवून तो वर यायला निघाला होता, आणि वर होडी नव्हती.

त्या दिवशी वारं उठलं होतं. होडी खडकाकडे सरकायला लागली होती. दादा खाली अडकून मेला असं समजून जयवंतने कोयत्याने दोर कापला आणि शीड लावून पळाला. गावात सांगितलं, दोर तुटला. नांगर सुटला म्हणूनच होडी सरकत होती, हे त्याला आत्ता, बारा वर्षांनी कळलं.

तो होडीवर चढला.

"काय दिसला?" वहिनीने विचारलं.

काही नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. खाली जाऊन बघणारं दुसरं कोणी नव्हतं. जयवंतला मात्र ते खोटं तोंडातून काढवेना.

"नांगर सुटलेलो आसा, वयनी. दादान सोडवल्यान होतो. दोर तुटाक नाय. मी कापलंय."

धोंडूकाकाने तोंड फिरवलं. मालनने जयवंतच्या हातातला चष्मा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "त्या सांजेक होडीतलो उरलेलो दोर मीच गुंडाळून ठेवलंय. खडकार तुटलेलो दोर पिंजता, कापलेलो नाय. बारा वर्सां मी तेंची वाट बघूक नाय, जयवंता. तू कधी बोलतलंस, तेची बघलंय."