विलायतेचा किनारा

गोष्ट सत्त्याण्णवची. टोकियोहून गुहागरला परतायची माझी बॅग भरून झाली होती आणि तिथे नोकरी करणारा माझा मुलगा प्रसन्न स्कॉटलंडच्या किनाऱ्याचे फोटो पसरून बसला होता. पुढच्या महिन्यात जपानी साहेबांना घेऊन तो तिकडे गोल्फ खेळायला जाणार. “चेंडू मारायला विलायत जवळ आणि आईचं घर चार वर्षं लांब!” मी म्हटलं. “आई, घरी जायला रजा मागितली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. साहेबांबरोबरचा गोल्फ म्हणजे ऑफिसच.” मग एक फोटो पुढे सरकवून हळूच म्हणाला, “जागा मीच सुचवली. किनारा अगदी आपल्या दारासमोरचा वाटला, म्हणून.” फोटोत एकसुद्धा माड नव्हता. “तुझ्या साहेबाला सांग,” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी गुहागरला चला. तुमच्या खेळाला लागतात तेवढे खड्डे मी स्वतः पुळणीच्या वाळूत खणून ठेवते.”