नऊ दाणे

भारताच्या नकाशावरून नऊ दाणे निघाले.

सुगंधाबाईंनी ते डब्यात न टाकता तळहातावर घेतले. श्रावणातल्या लाखोलीसाठी एकेक निवडलेले अखंड तांदूळ. त्यातलेच सहाशे त्यांनी सकाळी जीवराम गुरुजींना मोजून दिले होते, मोजून परत घेण्याच्या बोलीवर.

उद्या शिरपूरच्या शाळेत प्रदर्शन. गुरुजी भूगोलाचे. त्यांनी ओसरीत दोन नकाशे पसरले होते, एक ब्राझीलचा, एक भारताचा. एक दाणा म्हणजे दहा लाख हेक्टर रान. आधी पंच्याहत्तर सालचं रान मांडलं. मग सात वर्षांत गेलेलं एकेक करून उचललं.

"झालं!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "त्यांचे पंधरा उचलले, आपले नऊच. तीस वर्षं वर्गात दुसरं काय सांगतोय मी? अगं, वडाला सूत गुंडाळणारा देश आपला!"

ओट्यावर भटू पेंटर पाटी रंगवत होता. 'रान राखण्यात भारत पुढे' एवढं लिहून झालं होतं. उद्‌गारचिन्ह तेवढं राहिलं होतं.

"अहो," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या, "एक दाणा म्हणजे केवढं हो?"

"सांगितलं ना, दहा लाख हेक्टर."

"तसं नाही. मला कळेल असं सांगा."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "तुझा जळगाव जिल्हा घे. जवळजवळ तेवढा."

सुगंधाबाईंचं माहेर पाचोऱ्याचं. त्यांनी एक दाणा बोटाच्या टोकावर घेतला. त्यात पाचोऱ्याचं स्टेशन आलं, रावेरच्या केळीच्या बागा आल्या, चाळीसगावकडचे डोंगर आले, यावलचा सातपुडा आला. लहानपणी गाडीच्या खिडकीत बसून दिवस मावळला तरी न संपलेला मुलूख.

"अख्खा?"

"अख्खा."

त्यांनी उरलेल्या आठांकडे पाहिलं. नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला, गाभाऱ्यात पाऊल टाकताना करावा तसा.

मग त्या नकाशांवर वाकल्या. ब्राझीलवर पाचशेच्या वर दाणे दाटीनं बसलेले. पंधरा कुठून उचलले ते सापडेना. भारतावर पंचावन्न होते. आता जागोजाग कागद दिसत होता.

"त्यांचे सुपातले पंधरा गेले हो," त्या म्हणाल्या. "आपले ओंजळीतले नऊ."

गुरुजींनी भारतावरचे दाणे पुन्हा मोजले. शेहेचाळीस. बोटं थांबली. दर सहा दाण्यांमागे एक गेला होता.

ओल्या रंगाला बोट लावून बाहेरून भटू म्हणाला, "गुरुजी, रंग आजून वल्ला शे. पुसनं व्हई तं आत्तेच सांगा. मंग तुमना साहेब उना तरी निंघाव नही."

उद्या प्रदर्शनाला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. पाटीवरचं वाक्य गुरुजींनी त्यांना पत्रातही कळवलं होतं. तीस वर्षांतली पोरं हेच वाक्य घोकून पास झाली होती.

गुरुजी उठले. भटूच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच पाटी पुसली.

"मंग लिखू काय?" भटूनं विचारलं.

गुरुजींनी आत पाहिलं. "काय लिहू गं?"

"काही नका लिहू. हे नऊ तेवढे पाटीवर ठेवा." त्यांनी तळहात पुढे केला. "आणि एका दाण्यात काय काय मावतं ते तोंडानं सांगा."

"आणि तुझी लाखोली? नऊ कमी पडतील."

"दुसरे निवडते. हे गेलेल्या रानाचे दाणे देवाला वाहायचे तर तोंडानं म्हणायचं काय?"

वाऱ्यानं नकाशाची कड फडफडली. सुगंधाबाईंनी चटकन दुसरा तळहात दाण्यांवर धरला, समईची ज्योत जपावी तसा, आणि श्वाससुद्धा बेतानं घेत उभ्या राहिल्या.