रविवारच्या चार ओळी

सकाळपासूनचा चौथा माणूस दारात येऊन उभा राहिला. "ताई आहेत का?"

"जेवायला गेलीय," थोरला स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "मी आहे ना. बोला."

"नको, असू दे. ताई आल्या की येतो."

रक्तपेढीच्या सर्व्हरची खोली ती. दोन टेबलं, एक कपाट आणि काचेपलीकडे गारव्यात घुमणारी यंत्रं. कुठल्या गटाचं रक्त किती शिल्लक, कोणी दिलं, कोणाला चढवलं, सगळं त्या यंत्रांत. अकरा वर्षं थोरल्यानं ते एकट्यानं सांभाळलं. धाकट्या बहिणीला हे काम त्यानंच शिकवलं, रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकून इथे आणलंही त्यानंच. दोन वर्षांत ती अख्ख्या इमारतीची ताई झाली. तो मात्र एकट्या तिचाच दादा राहिला.

मुख्य पासवर्ड यापुढे एकाच माणसाच्या हाती राहील, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं. कोणाच्या, ते आज दुपारी सांगणार होत्या. त्याआधी थोरल्यानं महिन्याचा लॉग तपासून ठेवायचा होता. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण केव्हा आत शिरलं, कशाला हात लावला, एकूण एक नोंद तिच्यात. आणि ती कोणालाच, अगदी त्यालाही, खोडता येत नाही.

तपासायचा सगळ्यांचा होता. त्यानं फक्त बहिणीचं नाव टाकलं.

मत्सर काही दार आपटत येत नाही. शेजारची खुर्ची ओढून बसतो आणि हळूच म्हणतो, बघ तर खरं, तपासायचा नियमच आहे.

काही सापडेना. ज्याला आत शिरायचा जेवढा अधिकार लागतो तेवढाच तिनं दिलेला, काम झालं की काढून घेतलेला. एवढी स्वच्छ माणसं असतात तरी कशाला, असं त्याच्या मनात आलं. मग गेला रविवार आला. सुट्टीचा दिवस, आणि तिच्या नावावर चार ओळी. तिसऱ्या ओळीपाशी त्याचा हात थांबला. 'बॅकअपची किल्ली सर्व्हरबाहेर काढली.'

लेखी परवानगीशिवाय त्या किल्लीला हात लावायचा नाही, हा नियम त्यानंच भिंतीवर चिकटवला होता. त्यानं रजिस्टर ओढलं. परवानगीचं नाव नाही. धाकटीच्या अक्षरात एवढंच होतं: 'बॅकअप तपासला. ठीक.'

थोरल्याला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग त्यानं वरच्या दोन ओळी वाचल्या. सुट्या यंत्रावर बॅकअप उघडून पाहिला: उघडला नाही. पुन्हा पाहिला: उघडला नाही. चौथ्या ओळीत, किल्ली आणल्यावर, उघडला.

त्यानं चारही ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. सर्व्हर कधी जळालाच तर सगळं पुन्हा उभं करता यावं म्हणून रोज बॅकअप घ्यायचा. तो चोरीला गेला तरी कोणाला वाचता येऊ नये म्हणून गेल्या वर्षी थोरल्यानं त्याला कुलूप घातलं. कौतुकही झालं. त्या कुलपाची किल्ली म्हणजे एक छोटीशी फाइल. तिची एकुलती एक प्रत त्यानं ठेवली सर्व्हरमध्येच. सर्व्हर जळाला असता तर किल्लीही जळाली असती. बॅकअप तो रोज घेत होता, पण दुसऱ्या यंत्रावर उघडून त्यानं एकदाही पाहिला नव्हता.

तिनं पाहिला होता, आणि कोणाला बोलली नव्हती.

खरं तर डोळे भरून यायला हवे होते. आलं ते भलतंच. चूकही हिलाच सापडावी? आणि वर माझी चूक पोटात घालून बसायचं! मोठा मी का ती?

तिसरी ओळ तेवढी डॉक्टरीणबाईंना दाखवली की पासवर्ड आपल्याच हाती. ओळ खोटी नव्हती. आणि स्वतःला वाचवायला धाकटी वरच्या दोन ओळींकडे बोट दाखवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"दादा, डबा तसाच?" धाकटी आत आली. "वहिनीचा फोन होता. तू उचलत नाहीस म्हणाली."

"वहिनीसुद्धा आता तुलाच फोन करते."

ती हसली, मग तिची नजर स्क्रीनवर गेली. "रविवारपर्यंत आलास?"

"आलो."

"किल्लीचं लिहायला हवं होतं मी. राहिलं."

"राहिलं, की मुद्दाम राहू दिलंस?"

ती उत्तर देणार तोच डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची ओढत म्हणाल्या, "पाहिलात लॉग? काही वावगं?"

"आहे," थोरला म्हणाला.

धाकटीनं मान खाली घातली. लहानपणी वस्तू फोडायचा तो, आणि आई विचारायला आली की मान अशी हिची खाली जायची.

थोरल्यानं बोट तिसऱ्या ओळीखाली ठेवलं. तिथे ते जरा वेळ राहिलं. मग वर सरकलं.

"बॅकअप उघडत नव्हता. वर्षभर. किल्ली मी सर्व्हरमध्येच ठेवली होती. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे या वर्षात सर्व्हर गेला असता तर?"

"काही हाती लागलं नसतं."

"आणि आता?"

"उघडतो. किल्लीची एक प्रत बाहेर काढून ठेवलीय."

"कोणाच्या लक्षात आलं हे?"

थोरल्यानं तोंड उघडलं. स्वतःची चूक एका दमात सांगून झाली होती. एवढंसं नाव मात्र घेववेना. धाकटी टेबलाकडेच बघत होती.

"लॉगमध्ये आहे," तो म्हणाला, आणि स्क्रीन डॉक्टरीणबाईंकडे वळवली.