निरोगी क्रमांक एक

देवाजी ठवकरांना रक्ताचा कॅन्सर आहे, हे जानेवारीतल्या एका सोमवारी, सव्वाअकरा वाजता मेघाच्या समोर आलं. पण असं काही झालंच नाही, असं धरून चालू. प्रयोगशाळेत सगळ्यांनी तसंच धरलं होतं.

"काका, तुम्ही नळ्या बदलवल्या," मेघा म्हणाली.

"मी काहून बदलवू वं? पेशंटचं रक्त दवाखान्यातून बर्फात आणलं. माहं इथंच, तुह्याच समोर काढलं. बदलवाले टाइम कुठं भेटला मले?"

देवाजी प्रयोगशाळेचे अटेंडंट. शिवाय ते प्रयोगशाळेचे निरोगी माणूसही होते. मेघा गजभिये पीएचडी करत होती ती रक्ताच्या कॅन्सरच्या एका औषधावर. त्या कॅन्सरात पेशीतल्या एका प्रथिनावर सारखा फॉस्फेट चिकटत राहतो. चिकटला की पेशीला हुकूम मिळतो, वाढ. औषध लागू पडलं की चिकटणं थांबतं, हुकूमही थांबतो. मोजायची रीत अशी, की हुकूम चालू असेल तर फिल्मवर काळी रेघ उमटते, बंद असेल तर जागा कोरी राहते. रोग्याच्या पेशींत रेघ येते, निरोगी माणसाच्या येत नाही. म्हणून तुलनेला एक निरोगी माणूस लागतो. नंदनवन वस्तीतून रोज सायकलनं येणारे, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारे देवाजी रजिस्टरमध्ये 'निरोगी क्रमांक एक' होते. कुहीला, गावी गेले की सांगायचे, "मी सरकारमान्य निरोगी आहो. सही-शिक्क्यासकट."

त्या सोमवारी निरोगी क्रमांक एकच्या नावाखाली काळीकुट्ट रेघ आली.

मेघाचे मार्गदर्शक विश्वनाथ सर. त्यांनी फिल्म उजेडात धरली. "निरोगी माणसात ही रेघ येतच नाही. म्हणजे प्रयोग चुकला. पुन्हा कर."

मेघानं पुन्हा केला. पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा तिनं सगळ्या नळ्या नव्या घेतल्या. एवढ्याशा रक्तातून इतक्या पांढऱ्या पेशी निघताना तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. तिला आनंदच झाला. "काका, तुमच्या रक्तात बरकत आहे."

देवाजींनी डाव्या बाजूला फुगलेल्या पोटावरून हात फिरवला. "तर्री-पोह्याची कृपा."

त्या पोटाची सगळेच थट्टा करत. हातपाय वाळत चाललेत आणि पोट सुटत चाललंय, हा माणूस एकाच अंगात दुष्काळ आणि सुकाळ घेऊन फिरतो, असं सर म्हणाले होते. सगळे हसले होते. देवाजी सगळ्यांत जास्त.

तिसऱ्यांदाही रेघ आली. मग सरांनी निर्णय घेतला. निकाल बदलत नव्हता, म्हणून निरोगी माणूस बदलण्यात आला. रजिस्टरमधलं देवाजींचं नाव खोडलं गेलं. शेरा पडला, 'नमुना सदोष.'

"म्हणजे मी नापास?" देवाजींनी विचारलं.

"तसं नाही, काका."

"तसंच आहे. शाळंत नापास झालो, समजलं. निरोगी असण्यात नापास होणारा मीच पयला असन बापा."

नवा निरोगी माणूस ऋषी. तो मेघाचा ज्युनियर. दिवसाला तंबाखूचे चार खर्रे खायचा आणि जिना चढताना मधे बसायचा. त्याची जागा लख्ख कोरी आली. प्रबंध पुढं सरकला.

ऑगस्टमध्ये देवाजींना ताप आला, तो उतरेचना. दवाखान्यानं दोन दिवसांत रोगाचं नाव सांगितलं. रोग जुना आहे आणि आता भडकलाय, हेही सांगितलं. औषध सुरू झालं. तेच, मेघाच्या प्रबंधातलं. महिना झाला, तरी गुण येईना. डॉक्टरांनी मेघाला रक्त तपासायला बोलावलं.

"आता मी पेशंटच्या लायनीत," देवाजींनी हात पुढं केला. "प्रमोशनच समज."

"चुप बसा जी," त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, तोंडाला पदर लावला.

बर्फाचा डबा मेघानं स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला. अर्ध्या पेशींना औषध दिलं, अर्ध्यांना नाही. दोन्हीकडे रेघ आली. सारखीच काळी. देवाजींच्या पेशी आता औषधाचं ऐकत नव्हत्या.

मग तिनं कपाटातून जानेवारीच्या तिन्ही फिल्म काढल्या. तेव्हा सगळ्यांनी रेघ पाहिली होती. रेघेच्या शेजारची जागा कोणी पाहिली नव्हती. तिथं देवाजींच्याच पेशी होत्या, दर प्रयोगात देतात तसं औषध दिलेल्या. ती जागा कोरी होती. तिन्ही वेळा कोरी.

दुसऱ्या दिवशी देवाजींनी विचारलं, "काय निघालं वं, पोरी?"

"प्रयोग चुकला, काका. पुन्हा करावा लागन."

"मंग कर ना. मी कुठं चाललो?"

ते गुरुवारी गेले.

सोमवारी मेघानं संस्थेच्या संचालकांना अर्ज दिला. आवक कारकुनानं तो दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि क्रमांक टाकून घेतला. मजकूर असा होता:

"महोदय, जानेवारीतील तिन्ही प्रयोग बरोबर होते, असे आता निदर्शनास आले आहे. तरी श्री. देवाजी ठवकर यांना त्या तारखेपासून आजारी समजण्यात यावे, व त्यांचे औषध त्याच दिवशी पूर्वलक्षी प्रभावाने सुरू झाले असे मानून पुढील आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."