काढून टाकलेले दिवस

वहिनी पहिल्यांदाच नणंदेच्या ऑफिसात आली होती. नवरा, म्हणजे नणंदेचा दादा, होडीसकट बुडाला त्याला दोन महिने झाले होते. धाकटी नणंद वाऱ्यावर संशोधन करते म्हणजे नेमकं काय करते, हे घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. दादा तर तिला 'वारेवाली' म्हणायचा. एवढं शिकून उद्याचं हवामान सांगता येईना, म्हणून चिडवायचा.

"त्या महिन्याचा वारा दाखव," वहिनी म्हणाली. चहाला तिने हातही लावला नव्हता.

नणंदेने पडद्यावर आलेख आणला. "हा पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा पट्टा. एरवी उत्तरेला असतो. तेव्हा खाली आपल्या समुद्रावर सरकला आणि तीन आठवडे ठाण मांडून बसला."

"का पण?"

"वादळं वाऱ्याला ढकलतात. सरकलेला वारा पुढची वादळं आपल्याच वाटेवर ओढतो. ती पुन्हा त्याला तिथेच रेटतात. एकमेकांना सोडतच नाहीत."

वहिनीने मान हलवली. मग खाली बघत म्हणाली, "हे आदल्या दिवशीच निघणार होते. भांडण झालं होतं आमचं. तसंच कसं जाऊ द्यायचं? मीच म्हटलं, आज राहा."

नणंद घाईघाईने आलेखातल्या वाऱ्याच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, "हे बघा वहिनी, सगळे दिवस सारखेच. एक दिवस इकडे-तिकडे झाला असता, तरी काही फरक पडला नसता."

वहिनीचे डोळे भरून आले. रेघ खरंच सपाट होती. तिने नाक पुसलं, गार चहाचा घोट घेतला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. जन्म किनाऱ्यावर गेला होता तिचा.

"वारा इतका गुळगुळीत कसा गं?"

नणंदेला खोटं बोलायची सवय नव्हती. "रोजचे चढउतार काढून टाकतो आम्ही. नाहीतर सावकाश होणारा बदल दिसत नाही."

"काढलेले दाखव."

"कशाला वहिनी..."

"दाखव."

नणंदेने कळ दाबली. रेघेला करवतीसारखे दाते फुटले. तो दिवस कुठला, हे विचारावं लागलं नाही. एकच सुळका सगळ्यांत उंच होता. त्याच्या अलीकडचा दिवस पार तळाला होता, शांत. त्या दिवशी निघालेली होडी संध्याकाळपर्यंत आरामात पलीकडच्या बंदराला लागली असती.

नणंदेने वहिनीचा हात धरला.

वहिनीने दुसऱ्या हाताचं बोट त्या शांत दिवसावर ठेवलं.

"मिटलं होतं गं भांडण," ती म्हणाली. "हसत गेले."