तेरावं मॉडेल

भूकंपमापन केंद्राच्या खोलीत नऊ जुने संगणक होते. आठ बंद, एक चालू. तो चालू ठेवण्यासाठीच तांबटकाका कंत्राटावर होते, कारण जुन्या नोंदी वाचणारं सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरवर उघडत नव्हतं.

ऋजुताच्या लॅपटॉपवर जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा आभासी संगणक होता. कोणत्या मॉडेलची नक्कल केली की नोंदी उघडतात, याचा तक्ता तिला करायचा होता. बारा मॉडेलांपुढे तिने 'नाही' लिहिलं होतं.

"काय मॅडम, जमलं का सोंग?" काकांनी चहा ठेवत विचारलं. "एवढ्यात नका जमवू. लेकीच्या कॉलेजची दोन वर्षं उरलीत."

ती हसली. पण तेराव्या मॉडेलवर पडद्यावर कंपनांच्या रेघा उमटल्या.

काका वाकून बघत राहिले. आवाजातली थट्टा गेली होती. "पुन्हा करून बघ, पोरी."

तिने आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा रेघा उमटल्या.

"तक्ता उद्या दिला तरी चालेल, काका."

"उद्या काय वेगळं येणारे? लिही."

तिने लिहिलं: मॉडेल तेरावं, चाचण्या तीन, यशस्वी तीन, उघडायला सरासरी बेचाळीस सेकंद.